आजींचे स्वच्छ चित्र

मित्रांनो, कॅमेरा समोर आला की तुम्ही आधी केस सारखे करता आणि मग दात दाखवता. माझ्यापुढे यायचे तर दोन्हींची गरज नाही. मी एक जुना कॅमेरा आहे खरा, पण चेहऱ्याचे फोटो मला कधीच जमले नाहीत. मी काळजाची चित्रे काढतो. छातीच्या पिंजऱ्यात बसून रात्रंदिवस राबणाऱ्या त्या मुठीएवढ्या हृदयाला रक्त पुरेसे मिळते की नाही, हे पाहणे माझे काम. कागदोपत्री मला गॅमा कॅमेरा म्हणतात. ताई मात्र ‘म्हातारबा’ म्हणते, आणि खोटे कशाला बोलू, मला तेच नाव आवडते.

ताई म्हणजे मला चालवणारी तंत्रज्ञ. तिलाही एक टोपणनाव आहे, पण ते तिला ठाऊक नाही. रुग्ण आपापसांत तिला ‘हलूनका ताई’ म्हणतात, कारण दिवसभर तिच्या तोंडी एकच वाक्य असते, “हलू नका हं, अजिबात हलू नका.” एकदा शिडीवर चढून दिवा बदलणाऱ्या वायरमनलाही तिने सवयीने तेच सांगितले. तो बिचारा दोन्ही हात वर करून तसाच उभा राहिला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कारागिरांनी मला पांढरे अंग दिले आणि दोन भलीमोठी सपाट डोकी दिली. होय, दोन! दोन डोकी असूनही माझे स्वतःशी कधी भांडण झाले नाही, हे तुमच्या घरातल्या भावंडांनी लक्षात घ्यावे. प्रत्येक डोक्यात काचेसारखा एक मोठा स्फटिक बसवला आहे आणि त्याच्यापुढे शिशाची जाड जाळी आहे, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची. हा स्फटिक फार नाजूक. खोली एकदम तापली किंवा एकदम गारठली तर तो तडकतो. म्हणून मला नेहमी एकसारख्या गारव्यात, अगदी जावयासारखे जपावे लागते.

मला या इस्पितळात आणले तेव्हा मी दारातून आत मावेना. लोकांनी डोके खाजवले, दार मोजले, मला मोजले, पुन्हा दार मोजले. शेवटी भिंत पाडली. पाहुण्याला घरात घ्यायचे म्हणून भिंत पाडलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगली. मला छाती नाही, ती गोष्ट वेगळी.

आता माझे काम कसे चालते ते सांगतो. लोकांना वाटते मी कसले तरी किरण सोडतो. मुळीच नाही. मी कुणाला काही देत नाही, फक्त टिपतो. रुग्णाच्या शिरेतून थोडेसे औषध सोडतात. ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जाऊन बसते आणि तिथून त्याचे किरण बाहेर पडतात. तुमच्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, मला दिसतात. मी कुरकुरत रुग्णाच्या छातीभोवती हळूहळू फिरतो आणि ते वेचत राहतो. मग पडद्यावर हृदयाचे आडवे काप उमटतात. निरोगी हृदयाचा काप पूर्ण गोल बांगडीसारखा दिसतो. जिथे रक्त कमी पोहोचते, तिथे बांगडीचा तुकडा फिका पडतो.

पण हृदय मोठे लबाड असते बरे का. आरामात पडलेल्या माणसाचे हृदय ‘आमचे सगळे छान चालले आहे’ असेच सांगते. बसल्या जागी कुणीही पहिलवान असतो! म्हणून त्याला कामाला लावावे लागते. ज्यांना चालता येते त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना एक दुसरे औषध टोचतात. त्या औषधाने हृदयाच्या चांगल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, जशा पळताना होतात. जी अरुंद झालेली असते ती बिचारी मोकळी होऊ शकत नाही, आणि तिची चोरी पकडली जाते. मग आरामातले चित्र आणि औषधानंतरचे चित्र शेजारी ठेवून डॉक्टर पाहतात.

या औषधाचे आणि चहाचे मात्र हाडवैर आहे. चहा-कॉफीत कॅफिन नावाचे जे द्रव्य असते, ते या औषधाला कामच करू देत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून चहा बंद, कॉफी बंद, चॉकलेट बंद. मित्रांनो, चहा सुटलेली माणसे मी फार जवळून पाहिली आहेत. एरवी मुंगीला न दुखवणारे गृहस्थ खुर्चीवर, पंख्यावर, सख्ख्या भावावर खेकसतात. सगळ्यांची डोकी ठणकत असतात. औषध देऊन झाले आणि ताईने “आता प्या चहा” म्हटले, की आजारी माणसेसुद्धा उपाहारगृहाकडे अशी निघतात, की यांना पट्ट्यावरच चालवायला हवे होते असे वाटते.

वर्षानुवर्षे मी हे काम केले. ऐन भरात होतो तेव्हा मला पाहायला दुरून डॉक्टर येत. पुढे शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. ते चटपटीत आहे, आवाज करत नाही आणि चित्रेही भराभर देते. पाहुणे आता माझ्या दारावरून पुढे जातात. रुग्ण ज्यावर झोपतो त्या माझ्या टेबलाचे रेक्झिन फाटले होते, त्याला ताईने चिकटपट्टी लावली. दुरुस्तीला येणारे इंजिनिअरकाका मला तपासताना नुसते हुं हुं करतात. माझे सुटे भाग आता मिळत नाहीत, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. वाईट वाटले. पण ताईने त्या दिवशी माझे टेबल रोजच्यापेक्षा जास्त वेळ पुसले, आणि मग मला तितकेसे वाईट वाटेना.

अशाच दिवसांत ते आजी-आजोबा माझ्याकडे आले.

आजी शिवणाचे वर्ग चालवायच्या. शिवणयंत्र घराच्या वरच्या मजल्यावर, आणि गुडघ्यांनी तर असहकार पुकारलेला. कित्येक महिने त्या जिना चढल्या नव्हत्या. दोरा हवा असला की आजोबांना वर पिटाळत. आजोबा जन्मभर शाळेची बस चालवलेले; रस्त्यातला खड्डा त्यांना दुरून दिसे, पण निळा दोरा मागितला की जांभळा घेऊन खाली येत. शेवटी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. लेकीने रजा काढली. मात्र आजींना अधूनमधून धाप लागत होती, म्हणून गुडघ्याच्या डॉक्टरांनी आधी हृदय तपासून या असे सांगितले होते.

आजोबा म्हणजे बोलण्याचा धबधबा. आदल्या दिवशी ताईने माझ्याच खोलीतून त्यांना फोन केला होता. “आजींचा चहा बंद ठेवा,” एवढे ती म्हणाली आणि झाले! आजोबा सुरू झाले. हिला चहा किती लागतो, तो कसा लागतो, किती उकळलेला, चहावाचून लग्नात ही कशी रुसून बसली होती. त्या धबधब्यात ताईने पुढची सूचनाही सांगितली. ती आजोबांच्या कानापर्यंत पोहोचली की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. पलीकडून “हो हो, सगळं लक्षात आलं!” असे मात्र मोठ्याने ऐकू आले.

सकाळी दोघे आले. मी आजींचे आरामातले चित्र काढले. मग ताईने नेहमीप्रमाणे विचारले, “आजी, चहा, कॉफी, चॉकलेट, काही घेतलं नाही ना?”

“तोंडाला लावलेलं नाही,” आजोबा म्हणाले.

“गोळ्या कोणत्या चालू आहेत?”

“रक्तदाबाची. तेवढीच,” हेही आजोबाच म्हणाले.

आजींना तोंड उघडायची गरजच पडली नाही. डॉक्टरीण बाई आल्या, आजींच्या छातीला तारा जोडल्या आणि औषध सुरू केले. “अंग गरम होईल, छातीवर जड वाटेल. घाबरू नका, लगेच जातं,” असे त्यांनी सांगून ठेवले होते. आजी वाट पाहत पडून राहिल्या. औषध संपले.

“झालं?” आजी म्हणाल्या. “मला तर काहीच नाही झालं.”

“आमच्या हिचं असंच आहे,” आजोबा कौतुकाने म्हणाले. “हिला कशानं काही होत नाही.”

डॉक्टरांनी नाडीचा आकडा पाहिला. तो जागचा फारसा हललाच नव्हता. “असतं काहींचं असं,” असे त्या पुटपुटल्या. थोड्या वेळाने मी माझी फेरी पुरी केली. पडद्यावर चित्र उमटले. बांगडी कशी, पूर्ण गोल! कुठे म्हणून फिकट डाग नाही. डॉक्टर हसून म्हणाल्या, “छान आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनला माझ्याकडून हरकत नाही. रिपोर्ट घेऊनच जा.”

आजोबांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी लेकीला फोन लावला, मग व्हरांड्यात बसलेल्या अनोळखी माणसांना बातमी सांगितली, मग सफाईवाल्या मावशींनाही सांगितली. आजी शेजारच्या बाईला सांगत होत्या, की आता महिन्या-दोन महिन्यांत मी माझ्या पायांनी जिना चढणार आणि आधी यांनी वर काय पसारा करून ठेवलाय तो बघणार. माझे दार उघडे होते. मला सगळे ऐकू येत होते, आणि मलाही फार बरे वाटत होते.

तेवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी एक गृहस्थ विचारायला आले. ताईने दारातच उभे राहून त्यांना सूचना सांगितल्या. चहा नाही, कॉफी नाही, चॉकलेट नाही. “आणि हे बघा,” ती पुढे म्हणाली, “चहा नाही म्हणून डोकं दुखेल. तर मनानं गोळी घेऊ नका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये चहातलंच द्रव्य असतं. आधी मला फोन करा.”

व्हरांड्यातला धबधबा एकदम बंद झाला.

ताई आत येऊन माझे टेबल पुसू लागली. तिच्या मागोमाग आजोबा आले. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता. मित्रांनो, मी काळीज पाहणारा आहे; त्यांचे काळीज तपासायला मला कसल्याच औषधाची गरज नव्हती. त्यांनी एकदा मागे वळून व्हरांड्याकडे पाहिले. आजी तिथे हसत होत्या. कितीतरी दिवसांनी मिळालेली तारीख होती, लेकीची रजा होती. गप्प राहिले असते तर कुणालाही कधी काही कळले नसते. रिपोर्ट चांगला होता. अजून काय हवे होते?

आजोबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“ताई, यात ते असतं का, जरा बघता?”

ताईने पट्टी उलटीकडून वाचली. तिचा चेहरा पडला. “कधी दिलीत?”

“पहाटे. डोकं अगदी फुटायला आलं होतं तिचं. चहा तर द्यायचा नव्हता. मला बघवेना हो. आणि डोकेदुखीची गोळी म्हणजे काय औषध आहे, असं वाटलं मला. ती माझ्या ध्यानातसुद्धा राहिली नाही.”

ताईने डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर आजोबांवर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून आजोबांना बसवले. “आजोबा, त्या गोळीनं आमचं औषध अडवलं असणार. म्हणजे हृदयावर ताण आलाच नाही. हे दुसरं चित्रही आरामातलंच म्हणायचं. ते धरून मी आजींना ऑपरेशनला पाठवू शकत नाही. पुन्हा करावं लागेल.”

“पण सगळं चांगलंच असेल ना? कदाचित?”

“असेलही. पण नुसत्या ‘कदाचित’वर मी त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर नाही चढवणार.”

मला माझ्या त्या सुंदर गोल बांगडीकडे बघवेना. मी खोटे काढले नव्हते. समोर होते तेच टिपले होते. पण हृदयाला जो प्रश्न विचारायचा होता, तो त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, मग उत्तर कुठून खरे येणार?

आजींना हे सांगायचे काम आजोबांनी स्वतः केले. आजींचा पारा चढला. “मी म्हटलं होतं का गोळी द्या म्हणून? सोसलं असतं मी डोकं! आता तारीख गेली, पोरीची रजा गेली!” आणि मग त्या बोलायच्याच बंद झाल्या, ते जास्त वाईट होते. जाताना आजोबा दोन पावले मागून चालत होते.

पुढच्या आठवड्यात दोघे पुन्हा आले, तरी अबोला सुटला नव्हता. सगळा कारभार ताईमार्फत चालला होता. “ताई, यांना सांगा, माझा चष्मा नीट धरा म्हणावं. यांना सांगा, पिशवी खाली ठेवू नका.” आजोबा दीड हात अंतरावर उभे राहून प्रत्येक निरोपाला मान डोलवत होते. आजींचे डोके यावेळीही ठणकत होते. आजोबांनी रात्री जागून ते चेपले होते. हे आजींनीच ताईला सांगितले, पण असे काही तक्रारीच्या सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावे आजोबांनी फार मोठा अपराध केला आहे.

ताईने या खेपेला गोळ्यांचा प्रश्न आजींना विचारला, मग आजोबांना विचारला, मग पुन्हा आजींना विचारला. एकदाची तिची खात्री पटली. डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि थोड्याच वेळात आजींचा चेहरा लाल झाला.

“अगं बाई! छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतंय.”

त्यांचा हात हवेत काहीतरी शोधू लागला. आजोबांनी तो पकडला. औषधाचा जोर ओसरला तशी आजींना हाताची जाणीव झाली, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

मग मी फिरलो. इतक्या काळजीने मी फार क्वचित फिरलो असेन. आजी हात डोक्यावर घेऊन निश्चल पडल्या होत्या. पडद्यावर काप उमटले, आणि बांगडीचा पुढचा तुकडा फिका होता. फिका म्हणजे चांगलाच फिका. आपले काम उत्तम झाल्याचे एवढे दुःख मला पूर्वी कधी झाले नव्हते.

डॉक्टरांनी आरामातले चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी माझ्याजवळ येऊन दोघांनाही सरळ शब्दांत सांगितले. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. याच स्थितीत गुडघ्याचे ऑपरेशन झाले असते, तर जिवावर बेतू शकले असते. आता कळले आहे तर उपाय आहे. आधी ही वाहिनी मोकळी करू, मग गुडघा. “गुडघा काय, थांबेल,” त्या म्हणाल्या, “हे नसतं थांबलं.”

आजोबा भिंतीला टेकले. मग ते आजींकडे वळून म्हणाले, “मी त्या दिवशी गप्प बसलो असतो तर गं…”

आजी अजून माझ्या टेबलावरच होत्या. “ताई, आता हललं तर चालेल का?” त्यांनी विचारले. ताईने मान डोलावल्यावर त्यांनी डोक्यावरचा हात खाली घेतला आणि आजोबांच्या बाहीला धरून त्यांना जवळ ओढले.

“तुम्हाला गप्प बसता येत असतं,” त्या म्हणाल्या, “तर माझी इतकी वर्षं शांततेत नसती का गेली?”

मग दोघेही रडले. ताईने पुसायचे फडके हातात घेतले आणि माझा आधीच स्वच्छ असलेला कोपरा पुसत बसली. डॉक्टरीण बाईंना अचानक बाहेर काहीतरी काम आठवले.

आजींची रक्तवाहिनी वेळेवर मोकळी झाली. पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा गुडघाही झाला. आजोबा एकदा मुद्दाम ताईला भेटायला आले होते, आणि त्यांचे बोलणे ऐकण्यात ताईची जेवणाची सुट्टी संपली. म्हणजे सगळे ठीक आहे, हे मी ओळखले.

मित्रांनो, माझे आता किती दिवस राहिले ते इंजिनिअरकाकांनाच ठाऊक. जोवर आहे तोवर माझी खोली गार ठेवा आणि माझ्यावर कुणी आदळू नका, एवढेच माझे स्वतःसाठी मागणे आहे. दुसरे मागणे तुमच्यासाठी आहे. घरातल्या कुणाला तपासायला नेतील तेव्हा तुम्ही जवळ असलात, तर त्यांना एवढेच विचारा, “आणखी काही सांगायचं राहिलंय का?” एखादी गोळी असेल, एखादा घोट असेल. मायेने केलेली गोष्टसुद्धा सांगावी लागते, आणि तीच सांगताना जीभ सगळ्यात जड होते. ती पट्टी माझ्या टेबलावर ठेवण्याआधी आजोबांनी एकदा मागे हसणाऱ्या आजींकडे पाहिले होते. तरी त्यांनी ती ठेवली, म्हणून आजी आज घरी आहेत.